मॅसी १०३५ चं हेड पॅकिंग बदलून सात महिने झाले, वापरानंतरचा अनुभव

आमच्याकडं १९८४ चा मॅसी १०३५ ट्रॅक्टर आहे, अण्णांनी घेतलेला, माझ्यापेक्षा एक वर्षाने मोठा आणि अजून रोज शेतात जातो. तीन सिलेंडरचं सिम्पसन इंजिन, मूळ घराणं पर्किन्सचं. मे महिन्यात त्याचं हेड पॅकिंग, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्या मधली गॅस्केट, बदललं आणि आता डिसेंबर संपत आला. मुद्दाम इतके दिवस थांबून लिहितोय, कारण पॅकिंग कसंही बसवलं तरी पहिला महिना-दीड महिना चालतंच. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये बदललं होतं, अर्ध्या दिवसात काम उरकलं, हेड काढलं, जुनं खरडलं, नवीन टाकलं, नट आवळले, संपलं. एक हंगाम चाललं आणि परत तेच.

लक्षणं सांगतो म्हणजे ज्यांच्याकडं जुना ट्रॅक्टर आहे त्यांना लवकर कळेल. आधी रेडिएटरचं पाणी कमी व्हायला लागलं, रोज लिटरभर, आणि खाली कुठंच गळती नाही. मग सकाळी स्टार्ट केल्यावर पांढरा धूर आणि एक सिलेंडर धरत नाही असा थडथड आवाज, गरम झाला की बरा. शेवटी एक दिवस झाकण काढून चालू केला तर पाण्यात बुडबुडे, ॲक्सिलेटर दिला की अजून जोरात. डिपस्टिक बघितली, ऑइल काळंच होतं, दुधाळ नव्हतं, हे नशीब. ऑइलमध्ये पाणी उतरलं असतं आणि तसाच चालवला असता तर बेअरिंगपर्यंत काम गेलं असतं.

यावेळी गावातल्याच जुन्या मिस्त्रींना घरी बोलावलं. हेड उचलल्यावर पॅकिंग हातात घेतलं तर दोन आणि तीन नंबरच्या मधली पट्टी जळून कोळसा झालेली, बोटाने दाबली की भुगा पडत होता, आणि तिथनं पाण्याच्या भोकापर्यंत बारीक काळी रेघ. मी म्हटलं नवीन आणलंय, टाका. ते म्हणाले, "मालक, पॅकिंग उगं उडत नसतंय, आधी कशानं उडालं ते बघू." मला हे वाक्य सगळ्या कामापेक्षा मोलाचं वाटतं.

हेड उलटं ठेवून त्यावर सरळ पट्टी धरली आणि खालनं फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घातला. ०.१५ मिमीची पट्टी जायला नको तिथं ०.२० ची पण आरामात गेली, म्हणजे हेड वाकलेलं. वाकलं कशानं तर सतत गरम होऊन, आणि गरम कशानं तर रेडिएटर निम्मा बंद. आमच्या लातूर जिल्ह्यातल्या औसा भागात बोअरचं पाणी क्षाराचं, चाळीस वर्षं तेच पाणी आम्ही ओतत आलो, चहाच्या भांड्याला बसतो तसा पांढरा थर आत नळ्यांना बसलेला. मागच्या वेळी हे कुणी बघितलंच नाही, वाकड्या हेडवर नवीन पॅकिंग टाकलं, ते टिकणार कसं.

मग लातूरला लेथवर हेड नेलं, फेसिंग केलं, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट केला, व्हॉल्व्ह काढलेलेच होते म्हणून ग्राइंडिंग पण करून घेतलं. रेडिएटर खोलून रॉडिंग केलं, म्हणजे नळ्यांत सळई घालून क्षार काढला. ब्लॉक ब्लेडने आणि डिझेलच्या फडक्याने साफ केला, पॉलिश पेपर जोरात घासायचा नाही, त्याची भुकटी सिलेंडरमध्ये जाते. पुशरॉड (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्या) काढताना खोक्याच्या पुठ्ठ्याला सहा भोकं पाडून नंबरवार उभे केले, म्हणजे ज्याचा त्याच जागी जातो. पॅकिंग ओरिजनल घेतलं, साध्यापेक्षा दुपटीला पडलं पण दोन्ही हातात धरून बघा, सिलेंडरभोवतीच्या रिंगची घडी सारखी आहे का नाही ते डोळ्याला दिसतं. आमचं पॅकिंग कोरडं बसवायचं होतं, काहीजण सवयीने दोन्ही बाजूला चिकटवायचं सोल्युशन फासतात, ते करू देऊ नका, पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा.

नट आवळताना मधून बाहेर, गोल गोल जात, तीन टप्प्यात, टॉर्क पान्यानेच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना). आकडा स्वतःच्या मॉडेलच्या पुस्तकातला घ्या, दुसऱ्याचा ऐकू नका. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्हवरचा, गॅप थंड इंजिनला ०.३० मिमी ठेवला. डिझेलची हवा काढली, फिल्टर, मग पंप, मग नोझलचे नट ढिले करून, आणि दुसऱ्यांदा सेल्फ मारल्यावर इंजिन चालू झालं.

आता खरं महत्त्वाचं. चालू करून चांगला गरम केला आणि परत सगळे नट टॉर्कला आणले, तीन नट चांगलेच फिरले. साधारण तीस तास काम झाल्यावर परत एकदा तपासले आणि टॅपेट पण परत बघितले, कारण पॅकिंग दबलं की गॅप बदलतो. मागच्या गॅरेजने हे केलंच नव्हतं आणि आम्हाला पण कुणी सांगितलं नव्हतं.

सात महिन्यात सोयाबीनची पेरणी, कोळपणी, मळणी यंत्र, मग हरभऱ्यासाठी रोटाव्हेटर, कारखान्याला उसाच्या ट्रॉल्या, सगळं झालं. रोटाव्हेटरला तासन्‌तास लोड असतो, तिथंच भीती होती, पण तापमानाचा काटा हिरव्या पट्ट्याच्या वर गेला नाही. पाणी या सगळ्या काळात एकदाच अर्धा लिटर टाकलं. बोअरचं पाणी बंद, कुलंट आणि आरओचं पाणी. सकाळच्या थंडीत हीटर दिला की पहिल्या-दुसऱ्या सेल्फला चालू होतो, पांढरा धूर नाही. डिझेल पण कमी लागतंय असं वाटतं, पण मोजलेलं नाही त्यामुळं ठामपणे सांगत नाही.

खर्च फेसिंग, ग्राइंडिंग, रेडिएटर, पॅकिंग सेट, ऑइल आणि मजुरी धरून साडेनऊ हजार. त्या गॅरेजवाल्याचे अडीच हजार होते, पण ते एका हंगामाचे.

एक तक्रार राहिली, रॉकर कव्हरच्या (हेडवरच्या झाकणाच्या) मागच्या कोपऱ्यातून ऑइल पाझरतंय, कव्हरचा पत्रा तिथं दबलेला आहे. ट्रॉल्या संपल्या की तो ठोकून सरळ करून नवीन कॉर्कचं पॅकिंग टाकणार आहे आणि त्याचवेळी हेडचे नट परत एकदा बघणार.