जुन्या एसयूव्हीचं पुढचं सस्पेन्शन आणि स्टिअरिंग, बरेच महिने चालवल्यानंतर

सेकंडहँड गाडी आहे, चेसिसवाली (बॉडीखाली वेगळी लोखंडी फ्रेम असलेली), इंजिन-गिअरबॉक्स एकदम मस्त त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही. पण पुढच्या भागाबद्दल लिहायलाच हवं, कारण जुनी एसयूव्ही बघायला जाणारे इंजिन ऐकतात, बॉडीवर हात फिरवतात आणि चाक उचलून हलवून कोणीच बघत नाही.

पहिल्यांदा हळू वेगात खड्ड्यातून जाताना डावीकडून टक टक यायला लागलं. मग हायवेला गाडी भरकटायला लागली, सारखं स्टिअरिंग सावरत बसायचं, आणि टायर आतल्या कडेने झिजला. गॅरेजवाल्याने अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून दिली, थोडे दिवस बरं वाटलं, परत तेच. सांध्यातच प्ले (सैलपणा) असेल तर अलाइनमेंटचे आकडे मशीनवर बरोबर येतात पण रस्त्यावर टिकत नाहीत हो, म्हणून आधी प्ले शोधा.

शोधायची पद्धत सोपी आहे. चाकं जमिनीवर, इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला, एकाने स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्याने वाकून एकेक सांधा बघायचा. माझ्या गाडीला रॅक (दातेरी दांडा) नाही, स्टिअरिंग बॉक्स (गिअरची पेटी) आहे, म्हणजे पिटमन आर्म (बॉक्समधून निघणारा दांडा), आयडलर आर्म (दुसऱ्या बाजूचा आधाराचा दांडा), त्यांना जोडणारी मधली लिंक, टाय रॉड एंड (चाकाकडचा सांधा) असे भरपूर सांधे आणि प्रत्येकातला थोडा थोडा प्ले मिळून स्टिअरिंगवर बराच जाणवतो. आयडलर आर्म चक्क वर-खाली होत होता.

पण खरी भीती लोअर बॉल जॉइंटची, म्हणजे चाकाला खालच्या (लोअर) आर्मशी जोडणाऱ्या सांध्याची. माझ्याकडे स्प्रिंगचा भार लोअर आर्मवर येतो, त्यामुळे जॅक आर्मखालीच लावायचा, तरच जॉइंट मोकळा होतो, चेसिसखाली लावला तर प्ले दिसत नाही. टायरखाली पहार घालून उचललं तर जॉइंट सरळ हलला, रबर बूट फाटलेलं, ग्रीस गेलेलं, आत गंज. हा जॉइंट चालत्या गाडीत सुटला तर चाक आडवं होऊन गाडी खाली बसते, स्टिअरिंग हातात असून उपयोग नाही. चाक घड्याळातल्या 12 आणि 6 च्या जागी धरून हलतंय पण कोणी ब्रेक दाबला की थांबतंय, तर मात्र चाकाचं बेअरिंग बघा.

दोन्ही बाजूचे बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, आयडलर आर्म, लोअर आर्मचे बुश (रबरी सांधे) सगळं एकदम बदललं, अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. काम चालू असताना समोर उभे राहा. कॅसल नटची (खाचावाल्या नटची) खाच स्प्लिट पिनच्या (नट सुटू नये म्हणून घालायच्या पिनच्या) भोकाला जुळली नाही तर नट अजून आवळायचा, सैल अजिबात करायचा नाही. आणि बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना फायनल टाइट करायचे, हवेत लटकत असताना केले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

आता गाडी सरळ जाते, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप मधे येतं, टक टक बंद. मधोमध थोडा प्ले अजून आहे, तो स्टिअरिंग बॉक्सचा. वरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आवळून टाकू असं मेकॅनिक म्हणाला, मी नको म्हटलं, जास्त आवळला तर स्टिअरिंग मधे अडकतं आणि परत फिरत नाही. सील पाझरायला लागलं की बॉक्स उघडेल तेव्हाच करून घेईन.