कोंबड्यांच्या आजारांवरचं पुस्तक : अप्पा बळवंत चौकात काय मिळतं

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात दहावीच्या गाइडपासून ज्योतिषापर्यंत सगळं मिळतं, पण कोंबड्यांच्या आजारांवरचं पुस्तक मागितलं की पंचाईत. एका दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, पाककृती पलीकडच्या रॅकवर." शेतीची पुस्तकं ठेवणाऱ्यांकडेच विचारा. तिथे निदान कुक्कुटपालनाचा एक कप्पा असतो.

त्या कप्प्यातली मी चाळलेली मराठी पुस्तकं शेडची दिशा, ब्रूडिंग (पिल्लांना ऊब देणं), खाद्य, बँकेचं कर्जप्रकरण यांसाठी चांगली आहेत. आजार मात्र शेवटच्या चार पानांत उरकलेले आणि सगळ्यांची लक्षणं तीच : पक्षी सुस्त, खाणं कमी, हगवण. यावरून मानमोडी (राणीखेत) ओळखायची की गंबोरो हा दुसरा विषाणूचा रोग? लसीचंही तसंच. मानमोडीची लस घ्या : 'लासोटा पाण्यातून द्यावी', झालं! पाण्यात क्लोरीन असेल तर लसीतला विषाणू मरतो, म्हणून बिनक्लोरीनचं पाणी घ्यायचं, त्यात स्किम मिल्क पावडर मिसळायची, हे कुठेच नाही. लिहिणाऱ्याने कधी कोंबड्यांचा एखादा लॉट तरी वाढवून काढला असेल का, अशी शंका येते.

विकत घेण्याआधी मेलेला पक्षी फाडून काढलेले रंगीत फोटो आहेत का, ते बघा. गंबोरोत मांडीच्या स्नायूंवर रक्ताचे फराटे आणि शेपटीखालची बर्सा ही ग्रंथी सुजलेली, रक्ती हगवणीत आंधळं आतडं रक्ताने भरलेलं, मानमोडीत गिझर्डच्या (दाणे दळणाऱ्या पोटाच्या) वरच्या जठरात लाल ठिपके. हे काळ्या-पांढऱ्या छपाईत नुसते डाग दिसतात. प्लास्टिक काढून पान दाखवायला दुकानदार कुरकुरला, तर सरळ पुढचं दुकान गाठा.

इंग्रजीतला 'डिसीजेस ऑफ पोल्ट्री' हा जाडजूड ग्रंथ 1943 पासून निघतोय, पण तो डॉक्टर लोकांसाठी. आपल्यासारख्याला 'एमएसडी व्हेटरिनरी मॅन्युअल'चा कोंबड्यांचा विभाग पुरतो. तो फोनवर फुकट वाचता येतो आणि त्यात फोटोही आहेत. इंग्रजी जड जातं, म्हणून मी पोरीला शेजारी बसवतो.

पुस्तकावरून फक्त संशय येतो. मर वाढली तर नुकताच मेलेला पक्षी बर्फावर ठेवून औंधच्या सरकारी रोगनिदान प्रयोगशाळेत न्यायचा. फ्रीझरमध्ये गोठवायचा नाही, अवयव खराब होतात.

चौकात येताना गाडी मंडईच्या पार्किंगला लावा, नाहीतर पुस्तकापेक्षा टोइंगलाच जास्त पैसे जातील.