‘पाठलाग’ की ‘हा खेळ सावल्यांचा’? कोजागरीच्या गच्चीसाठी एका मामाचं मत

खारघरहून भाच्याचा फोन आला. त्यांच्या सोसायटीत यंदा कोजागरीला हाऊजीऐवजी गच्चीवर जुना मराठी रहस्यपट लावायचं चाललंय. गाळत गाळत यादी दोन नावांवर आली आहे. एक राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’, १९६४चा. दुसरा वसंत जोगळेकर यांचा ‘हा खेळ सावल्यांचा’, १९७६चा. “मामा, तुम्ही दोन्ही लावलेत ना? मग सांगा.”

लावलेत खरे. आमच्या ठाण्यातल्या, चरईच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला चादर बांधून. लागोपाठ दोन कोजागरींना, आधी ‘पाठलाग’ आणि पुढच्या वर्षी ‘सावल्या’. तेव्हा माझं मत चादरीवर पाहिलेल्या सिनेमाचं आहे, एवढं धरून चाला.

दोन्हींत नायक एकच, डॉ. काशिनाथ घाणेकर. ठाण्यातल्या पोरांना ‘घाणेकर’ म्हणजे मानपाड्याकडचं नाट्यगृह. “प्रयोग गडकरीला आहे की घाणेकरला?” असं विचारतात, आणि पुढचा प्रश्न पार्किंगचा असतो. थोड्या मोठ्यांना ते सुबोध भावेंच्या २०१८च्या चित्रपटामुळे ठाऊक. मूळ माणूस पडद्यावर पाहिलेले आमच्या गच्चीवर पाचसहा जणच होते. त्यामुळे कोणताही चित्रपट लावलात तरी ‘हे का ते घाणेकर!’ हा आनंद मिळणारच. फरक इतकाच की ‘पाठलाग’मधले घाणेकर आवरलेले आहेत. रंगभूमीवर त्यांचा संभाजी गाजून फार वर्षं झालेली नव्हती, तरी इथला वकील आवाज चढवत नाही. ‘सावल्यां’पर्यंत मधे बारा वर्षं गेली. तिथे त्यांचा रुबाब कथेच्या दोन पावलं पुढे चालतो. काहींना तोच आवडतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू तर त्याचसाठी आल्या होत्या.

गोष्टी थोडक्यात, रहस्य न फोडता. ‘पाठलाग’ जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरचा. वकिलाची बायको वारते. मग पोलिसांच्या ताब्यात एक बाई येते, हुबेहूब तिच्यासारखी. म्हणते, मीच तुमची बायको. आणि कोर्टात, चारचौघांत, त्या दोघांखेरीज कुणाला माहीत नसाव्यात अशा गोष्टी सांगायला लागते. ‘सावल्यां’त आशा काळे, मोठं घर, रात्री आणि नरसूचं भूत. माझ्या पिढीतल्या पुष्कळ घरांत पोरं जेवत नसली की “नरसू येईल हं” एवढं पुरायचं.

आता चंद्राचं बघू, कारण याचा विचार कुणी करत नाही. कोजागरीचा चंद्र आणि प्रोजेक्टर यांचं जमत नाही. नऊ वाजता चंद्र डोक्याकडे सरकला की पडद्यावरचा काळोख राखाडी होतो. ‘सावल्यां’ची सगळी मदार काळोखावर. वर आम्हाला मिळालेल्या प्रतीत रंग उडून सगळ्यावर गुलाबी झाक आलेली. त्या काळच्या रंगीत प्रती जुन्या होताना असंच होतं, निळाहिरवा आधी उडतो आणि लाल तेवढा उरतो. भुताच्या प्रसंगात आमच्या चादरीवर गुलाबी धुकं होतं, आणि त्यात कुठेतरी भूत असावं असा अंदाज. ‘पाठलाग’ कृष्णधवल. पांढरा शर्ट, काळा कोट, चेहरा. चांदण्यातही दिसतो. हा मुद्दा मी मोजून सांगत नाही, डोळे ताणून सांगतोय.

उलट आवाजाच्या बाबतीत ‘पाठलाग’ अडचणीचा. रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही, हे तुमच्या सेक्रेटरींना ठाऊक असेलच. सात-सव्वासातला सुरू करायचं म्हटलं तरी चादर, वायर, ‘अजून पाटील यायचेत’ यात आठ वाजतात. मग चित्रपटाचा शेवटचा भाग नेमका आवाज बारीक करून पाहावा लागतो. ‘पाठलाग’ म्हणजे बोलणं. एक वाक्य हुकलं की शेजारच्याला कोपर मारून “काय म्हणाली?” आणि त्या उत्तरात पुढची दोन हुकतात. आमच्याकडे शेवटची वीस मिनिटं सगळे पडद्याला चिकटून उभे होते. हे त्याचं उणं, मी झाकत नाही.

दुसरं उणं ‘मेरा साया’. राज खोसलांनी १९६६ साली ‘पाठलाग’वरूनच तो हिंदीत केला. साधना, सुनील दत्त, मदनमोहनची गाणी. मूळ मराठी विस्मरणात गेलं आणि नक्कल घराघरांत पोचली. त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी “अय्या, हा तर ‘मेरा साया’!” म्हणणार. आमच्याकडे तो आवाज पहिल्या रांगेतून आला आणि तो माझ्या घरचाच होता. एवढ्यावर न थांबता मामीनं शेवटही सांगून टाकला. मला वाटलं, संपलं. चाळीस माणसं, पाच लिटर दूध आटतंय आणि रहस्य पहिल्याच रिळात फुटलेलं.

पण गंमत अशी झाली की कुणी उठलं नाही. शेवट कळल्यावर लोक वेगळंच बघायला लागले. नायिकेचं काम करणाऱ्या भावनाचा चेहरा. ही बाई खरं बोलतेय की पाठ करून आलीय, आणि तो वकील विश्वास ठेवायला इतका घाबरतोय का. अकरावीतली एक मुलगी हळूच म्हणाली, “मला माहितीये तरी मला भीती वाटतेय.” ‘या डोळ्यांची दोन पाखरे’ लागलं तेव्हा गच्ची गप्प होती. दत्ता डावजेकरांची चाल, गदिमांचे शब्द, आशा भोसलेंचा आवाज. ते गाणं सोबत गुणगुणायला कुणी धजत नाही. गाण्याच्या शब्दांत चित्रपटाचं नावही गुंफलंय, ते ऐकताना मानेवरून काहीतरी सरकल्यासारखं होतं. गदिमा आणि राजाभाऊ परांजपे म्हटलं की तिसरे सुधीर फडके असं आपण गृहीत धरतो. इथे डावजेकर आहेत, आणि मला विचाराल तर या गोष्टीला तेच हवे होते.

आता ‘सावल्यां’ची गाणी. इथेच माझं घोडं अडलं, आणि दोष गाण्यांना देववत नाही. सुधीर मोघे आणि हृदयनाथ मंगेशकर. ‘काजल रातीनं ओढून नेला’, ‘गोमू संगतीनं’, ‘रात्रीस खेळ चाले’. एका चित्रपटात इतकी म्हणजे चैनच. हेमंतकुमारांच्या त्या घोगऱ्या गोडव्यात ‘गोमू’ ऐकायला मी कधीही तयार आहे. पण गच्चीवर काय होतं ते ऐका.

भीती साठत आलेली. पोरं आयांना बिलगलेली. दुधाचे पेलेसुद्धा कुणी हलवत नाही. स्टेशनकडून लोकलचा भोंगा आला तर दोघं दचकले, इतकं जमून आलेलं. आणि महेंद्र कपूरांचा आवाज सुरू होतो, ‘रात्रीस खेळ चाले’. तिसऱ्या शब्दाला मागच्या रांगेतले जोशीकाका सुरात. पाचव्याला त्यांच्या सौ. ध्रुवपद संपेपर्यंत अख्खी गच्ची. टाळ्यांसकट! कुणीतरी मोबाइलचे दिवे लावून हात हलवायला लागलं, म्हणजे चंद्रानं जे ठेवलं होतं तेही गेलं. त्यात दुसरीतला एक पोरगा खणखणीत आवाजात, “आई, अण्णा नाईक कधी येणार?” त्याचं चूक नाही. २०१६पासून त्याच नावाच्या मालिकेमुळे त्या शब्दांचा मालक त्याच्या लेखी तोच आहे. हशा पिकला. नरसू मेला तो तिथेच.

त्यानंतर प्रत्येक गाण्याला तेच. ‘गोमू’ला तर दोघं नाचले. कार्यक्रम म्हणाल तर झकास झाला, वर्षभर लोक नाव काढत होते, “काय मजा आली होती!” पण रहस्यपट लावला होता, हे फक्त मला आणि प्रोजेक्टरवाल्याला आठवत होतं. रहस्य आधी कळलेलं मला चाललं. भीतीत गायलेलं नाही चाललं. आता हा माझा स्वभाव असू शकतो. लग्नातही मी मंगलाष्टकं चालू असताना कुणी बोललं तर वळून बघतो.

‘सावल्यां’वर अन्याय नको म्हणून नंतर तो मी घरी एकट्यानं पाहिला, पडदे ओढून, हेडफोन लावून. तेव्हा पटलं, चित्रपटात दम आहे. आशा काळे म्हणजे सोशिक सून, या समजाला इथे चांगलाच तडा जातो. तिच्या डोळ्यांत जे येतं-जातं त्यासाठी तरी पाहावा. एकट्यादुकट्यानं, पावसाळ्यात, वीज गेली तर उत्तमच. पण तुला एकट्यासाठी नकोय, सोसायटीसाठी हवाय.

तेव्हा असं. लोकांनी हसावं, गावं, एकमेकांची ओळख व्हावी, एवढाच हेतू असेल आणि तुमच्याकडे नवीन कुटुंबं जास्त असतील, तर ‘सावल्या’ लाव, मी नाही म्हणणार नाही. खारघरला डोंगर जवळ, आमच्यापेक्षा काळोखही जरा बरा मिळेल. पण माणसं खरोखर सिनेमा बघायला बसणार असतील, तर मला आपलं ‘पाठलाग’ बरा वाटतो. दोन स्पीकर मागच्या बाजूला ठेव, पुढे नको, म्हणजे आवाज कमी केल्यावरही संवाद मागपर्यंत पोचतात. हे आम्हाला शेवटच्या वीस मिनिटांत सुचलं. सुरुवात काहीही झालं तरी साडेसातला कर, पाटील येवोत न येवोत. दूध मध्यंतरात वाटू नकोस, पेल्यांच्या आवाजात अर्धं कोर्ट जातं.

आम्ही दोघं येतोच आहोत. मामीला मात्र मागच्या रांगेत बसव.