गजबजलेली वस्ती की शांत वसाहत? उतारवयात डॉक्टर कुठून जवळ पडतो

म्हाताऱ्या आई-वडिलांसाठी घर बघायला लागलं की फिरून फिरून दोन पर्याय समोर येतात. एक जुन्या दाट वस्तीतलं. घर लहान, खाली दुकानं, कोपऱ्यावर दवाखाना, दिवसभर वर्दळ. दुसरं शहराच्या कडेला, नव्या वसाहतीत. ऐसपैस खोल्या, लिफ्ट, झाडं आणि गाडीने दहा मिनिटांवर मोठं हॉस्पिटल. मुलं नकाशा उघडतात, हॉस्पिटलचं अंतर बघतात आणि दुसऱ्या घरावर शिक्का मारतात.

माझं म्हणणं असं की नकाशावर आधी हॉस्पिटल शोधूच नये. मोठ्या हॉस्पिटलात माणूस क्वचित जातो, आणि जातो तेव्हा कुणीतरी त्याला नेत असतं. बीपी मोजून घेणं, उपाशीपोटी रक्त द्यायला जाणं, जखमेची पट्टी बदलणं, संपलेल्या गोळ्या आणणं, कानातल्या यंत्राची कुरकुर दाखवणं ही कामं मात्र सतत निघतात. त्यासाठी सोबत मागायची म्हाताऱ्या माणसाला लाज वाटते. मग "पुढच्या आठवड्यात बघू" सुरू होतं. तेव्हा प्रश्न असा विचारावा: कुणालाही न सांगता, न विचारता, यांना एकट्याने डॉक्टरांपर्यंत जाता येईल का?

इथे दाट वस्ती सहज पुढे जाते, पण तिथला रस्ता धड असेल तरच. बऱ्याच देशांत पादचाऱ्यांच्या सिग्नलचा वेळ सेकंदाला 1.2 मीटर चालणाऱ्या माणसाच्या हिशोबाने ठरवतात. पासष्टी ओलांडलेली कित्येक माणसं 0.8 ते 0.9 मीटरनेच चालतात. बारा मीटर रुंद रस्ता धरा. सिग्नलच्या हिशोबाने दहा सेकंद पुरेत. 0.8 च्या वेगाने चालणाऱ्या आजी तेवढ्या वेळात आठ मीटर जातात आणि उरलेले चार मीटर सुटलेल्या गाड्यांसमोरून काढतात. असं दोनदा झालं की त्या तो रस्ता सोडतात. दवाखाना दोनशे मीटरवर असून नसल्यासारखा. पलीकडच्या बाजूचा दवाखाना आणि आपल्या बाजूचा दवाखाना, यांतला फरक नकाशाला कळत नाही.

दुसरी अडचण बाकांची. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचना सांगतात की वर्दळीच्या पादचारी भागात साधारण दर 50 मीटरवर बसायची सोय असावी. गुडघे दुखणाऱ्यांना ही चैन वाटणार नाही. तिसऱ्या अडचणीबद्दल कुणी उघडपणे बोलत नाही, ती म्हणजे स्वच्छतागृह. बीपी किंवा हृदयाच्या आजारासाठी लघवीची गोळी चालू असेल तर सकाळी गोळी घेतल्यावर पुढचे काही तास बाहेर पडणं कठीण. मग डॉक्टरांकडे जायच्या दिवशी लोक गोळीच घेत नाहीत, आणि डॉक्टर वाढलेलं बीपी बघून डोस वाढवतात! वाटेत एक चांगलं स्वच्छतागृह असतं तर हा घोळ टळला असता.

आता तातडीच्या वेळेचं. शांत वसाहतीचा सगळा भर यावरच असतो आणि तो अगदीच चुकीचा नाही. मेंदूत रक्ताची गुठळी अडकून पक्षाघात झाला तर ती विरघळवणारं इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. पण घड्याळ सुरू होतं ते लक्षणं सुरू झाल्यापासून, रुग्णवाहिका बोलावल्यापासून नव्हे. एकट्या माणसाचं तोंड वाकडं झालेलं तीन तास कुणी पाहिलंच नाही, तर हॉस्पिटल दहा मिनिटांवर असून काय उपयोग? हृदय अचानक बंद पडलं तर छाती दाबणारं आणि विजेचा झटका देणारं कुणी नसताना दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते. अशा वेळी कुठलंच हॉस्पिटल पुरेसं जवळ नसतं. शेजारी माणूस असला तर असला.

शिकागोत जुलै 1995 मध्ये उष्णतेची लाट आली आणि 700 हून जास्त माणसं दगावली. त्यात एकटी राहणारी वृद्ध माणसं बरीच होती. नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या एकमेकींना लागून असलेल्या वस्त्या. गरीब, एकट्या वृद्धांची संख्या दोन्हीकडे बरीचशी सारखी. मृत्यूचं प्रमाण मात्र पहिलीत लाखामागे 40 आणि दुसरीत 4. एका अभ्यासकाने त्याचं कारण रस्त्यात शोधलं: एकीकडे ओस पडलेले भूखंड, बंद दुकानं आणि गुन्हेगारीच्या भीतीने दार लावून बसलेली माणसं, दुसरीकडे गजबज, त्यामुळे म्हातारी माणसंही बाहेर पडत होती. या निष्कर्षावर पुढे वाद झाला, आणि एका शहराच्या एका आठवड्यावरून सगळं ठरवू नये हेही खरं. तरी घर बघताना मला ही गोष्ट आठवतेच.

दाट वस्ती हरते तीही ठसठशीतपणे. लिफ्ट नसलेला तिसरा मजला असेल तर वर लिहिलेलं सगळं विसरा. दारात दवाखाना असला तरी जिना उतरवत नसेल तर तो परगावीच आहे. दमा किंवा सीओपीडी (फुप्फुसांचा दीर्घकाळचा आजार) असेल तर गाड्यांच्या धुराच्या रस्त्यावर घर घेणं म्हणजे डॉक्टरांच्या फेऱ्या वाढवून घेणं. चाकाच्या खुर्चीला उतार लागतो, तोही 1:12 पेक्षा, म्हणजे बारा फुटांत एक फूट चढण्यापेक्षा, चढा नको. जुन्या फुटपाथांवर तो मिळणं दुरापास्त. शांत वसाहत इथे निर्विवाद सरस.

आठवड्यातून तीनदा डायलिसिस असेल तर हिशोबच बदलतो. एका वेळी चार तास लागतात आणि परतताना अंगात त्राण नसतं. डायलिसिस केंद्र जवळ असेल तेच घर घ्यावं, बाकी मुद्दे नंतर.

वसाहतीच्या बाजूने लोक सांगतात, "बाबा गाडी चालवतात ना." आज चालवतात. मोतीबिंदू, कमी झालेलं ऐकू येणं, रात्री दिपणारे डोळे. एके दिवशी किल्ली ठेवावीच लागते. त्या दिवशी ते हॉस्पिटल एकदम लांब जातं. वसाहतीतून वारंवार सुटणारी, पायरी ठेंगणी असलेली बस असेल तर ठीक. नसेल तर घर घेताना आजचे नव्हे, दहा वर्षांनंतरचे बाबा डोळ्यांसमोर आणा.

आणखी एक गोष्ट तराजूत टाका. वर्षानुवर्षं ओळखणारा डॉक्टर सोडून जावं लागणार आहे का? 2018 साली 22 अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. त्यातल्या 18 अभ्यासांत एकाच डॉक्टरकडे सातत्याने जाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. याने कारण सिद्ध होत नाही, पण जुन्या वस्तीचं पारडं थोडं जड होतं.

चालता येणारी, साधे दीर्घ आजार असलेली, एकटी किंवा दोघंच राहणारी माणसं असतील तर मी दाट वस्तीतलं तळमजल्याचं किंवा लिफ्टचं घर सुचवेन. श्वासाचा त्रास किंवा चाकाची खुर्ची असेल आणि घरात कायम धडधाकट माणूस असेल, तर वसाहत.

ठरवण्याआधी एक करा. कामाच्या दिवशी सकाळी त्यांना सोबत घेऊन त्या घरापासून रक्ततपासणीच्या लॅबपर्यंत चालत जा, त्यांच्याच वेगाने. हात धरू नका, दोन पावलं मागे राहा. कुठे थांबतात, कशाला धरतात, कुठला रस्ता टाळतात ते बघा. मग पावसात एकदा.