पिकअपचे स्पीकर बदलले, 3,400 रुपयांत
नारायणगावहून वाशीला टोमॅटो घेऊन रात्रीच निघतो, सोबतीला गाणीच. जुने स्पीकर फाटल्यासारखे वाजायचे. दारात झिरपणाऱ्या पाण्याने कागदी कोन कुजला होता. सहा इंची, चार ओमचे कोअ‍ॅक्सियल, म्हणजे एकाच स्पीकरमध्ये जाड-बारीक दोन्ही आवाज देणारे, बसवले. खोक्यावरच्या 300 वॅटला भुलू नका, आरएमएस, म्हणजे स्पीकर सतत पेलू शकतो ते खरे वॅट, बघा. साध्या टेपला 40-50 वाले पुरतात, अ‍ॅम्प्लिफायर लागत नाही. एकाची प्लस-मायनस वायर मिस्त्रीने उलटी जोडली होती, त्यामुळे बासच गायब. घरी येऊन मीच सरळ केली. पण खरा फरक पडला तो दाराच्या पत्र्याला आतून चिकटवलेल्या डॅम्पिंग शीटने, म्हणजे पत्र्याची थरथर शोषणाऱ्या शीटने. खडखड थांबली आणि ढोलकीची थाप थेट छातीवर येऊ लागली. जोडी, शीट, मजुरी सगळं धरून हा खर्च. घाट चढताना इंजिन कितीही ओरडलं तरी आता शब्द न् शब्द कळतो.