ग्राफीनचा मास्टरबॅच: चुनीच्या पाइपाला चालला, दिव्याच्या कवचाला नाही

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकचा धंदा करणाऱ्यांना स्थिर विजेचा त्रास नवा नाही. होळी झाली की हवेतला ओलावा झपाट्याने उतरतो आणि डाळ मिलमधली चुनी (डाळीचा चुरा आणि टरफल) वाहून नेणाऱ्या प्लास्टिकच्या पाइपाला आतून टरफलाची धूळ अशी चिकटून बसते की बाहेरून ठोकल्याशिवाय सुटत नाही. पाइपाला हात लावणाऱ्याला झटका बसतो तो वेगळाच. यावर उपाय म्हणून आजवर आम्ही प्लास्टिकच्या दाण्यात ग्लिसरॉल मोनोस्टिअरेट मिसळत आलो. हे द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येते, हवेतले बाष्प धरून ठेवते आणि त्या ओलसर थरातून विद्युतभार वाहून जातो. साहजिकच श्रावणात, गरज कमी असताना, ते उत्तम चालते आणि खानदेशातल्या पंचेचाळीस अंशांच्या कोरड्या वैशाखात हात टेकते. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकमध्ये ग्राफीन, म्हणजे कार्बनचे अतिपातळ पापुद्रे, भरलेला मास्टरबॅच (साध्या दाण्यात मिसळायचा दाट मिश्रणाचा दाणा) आम्ही मागवला तो या कारणाने, कारण त्याला हवेतल्या ओलाव्याशी काही देणेघेणे नाही.

विजेच्या बाबतीत हा माल खरा उतरला. साध्या पॉलिप्रॉपिलीनच्या पट्टीवर मेगरचा (विजेचा रोध मोजणाऱ्या यंत्राचा) काटा अनंतावरून हलत नाही. पुरेसे ग्राफीन पडलेल्या पट्टीवर तो स्पष्टपणे खाली येतो आणि हा बदल हळूहळू होत नाही. मिश्रणाचे प्रमाण एका मर्यादेपर्यंत वाढवत नेले तरी काहीच घडत नाही, त्यानंतर थोडीशी भर पडताच रोध एकदम कोसळतो. उन्हाळ्यात गिरणेच्या पात्रातले दगड जवळजवळ आले की पाय न भिजवता पलीकडे जाता येते, तसे ग्राफीनचे पापुद्रे एकमेकांच्या काही नॅनोमीटर जवळ आले की इलेक्ट्रॉन मधले अंतर ओलांडून जातात, आणि एक सलग वाट तयार झाली की काम झाले. २००६ मध्ये पॉलिस्टायरीनवर झालेल्या प्रसिद्ध प्रयोगात ही मर्यादा आकारमानाच्या केवळ ०.१ टक्का आढळली होती. पुरवठादाराच्या माहितीपत्रकात हाच आकडा ठळक छापला आहे, मात्र तो प्रयोग द्रावणात पापुद्रे सुटे करून केलेला होता, हे तेथे लिहिलेले नाही. आमच्यासारखे स्क्रूने वितळवून मिसळणाऱ्यांना त्याच्या कितीतरी पट माल लागतो. तरीही कार्बन ब्लॅक (काजळीसारखी कार्बनची भुकटी) वीस टक्क्यांच्या आसपास घालून पाइप ठिसूळ करण्यापेक्षा हा मार्ग बरा.

एक गोष्ट माहितीपत्रकात असायलाच हवी होती. पाइप वाहक झाला म्हणजे धोका टळला असे नाही. उलट अर्थिंग न केलेला वाहक पाइप साध्या पाइपापेक्षा वाईट, कारण साठलेला सगळा भार एकाच ठिणगीतून बाहेर पडू शकतो, आणि डाळ मिलमधल्या उडत्या धुळीत ठिणगी म्हणजे आगीला आमंत्रण. आम्ही प्रत्येक जोडावर तांब्याची पट्टी आवळून ती अर्थिंगला जोडली, त्यानंतरच धूळ चिकटणे थांबले. मिलवाल्यांचा निरोप आला, ‘‘भाऊ, आता पाइप ठोकायला माणूस लागत नाही.’’ आमच्या लेखी या मालाला मिळालेले सर्वांत विश्वासार्ह प्रमाणपत्र ते हेच.

यंत्रावर चालवताना मात्र सांभाळावे लागते. एकेरी स्क्रूवर गुठळ्या राहतात आणि पाइप तोडून पाहिला तर कापावर काळे ठिपके दिसतात. दुहेरी स्क्रूवर आधी कंपाउंड करून, म्हणजे वितळवून एकजीव करून, घेतल्यास ते जातात, पण स्क्रूचे फेरे फार वाढवले तर पापुद्रे तुटतात आणि वाहकता पुन्हा घटते. वितळलेला माल घट्ट होत असल्याने डायवरचा (पाइपाला आकार देणाऱ्या तोंडावरचा) दाबही चढतो. चटईसाठी धागा ताणून ओढणाऱ्या आपल्या गावातल्या मंडळींनी विशेष जपावे, कारण ताणताना पापुद्रे एकमेकांपासून दूर सरकतात आणि जुळलेली वाट मोडते. रंगाचा प्रश्नच नाही, काळ्याशिवाय दुसरा मिळणार नाही.

आता उष्णतेबद्दल. माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर ग्राफीनची उष्णतावाहकता ५००० वॅट प्रति मीटर केल्विन, म्हणजे तांब्याच्या बारा पट, असे छापले आहे. हा आकडा खोटा नाही. २००८ मध्ये अधांतरी ताणलेल्या एकाच थराच्या ग्राफीनवर जवळपास तेवढे मोजले गेले होते. परंतु तो आकडा सुट्या थराचा आहे, विकत मिळणाऱ्या दाण्याचा नाही. पॉलिप्रॉपिलीनची वाहकता ०.२ च्या आसपास असते, आणि ग्राफीन घातल्यावर ती वाढते ती सावकाश; विजेसारखी अचानक झेप येथे नाही. याचे कारण असे की उष्णता मुख्यतः कंपनांतून वाहते, आणि पापुद्रा संपून प्लास्टिक सुरू होते त्या सीमेवर ही कंपने विखुरतात. अशा सीमेवरचा रोध कपित्सा यांनी १९४१ मध्ये द्रव हेलियमच्या बाबतीत प्रथम मोजला, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. शिवाय साच्यात माल भरताना पापुद्रे प्रवाहाच्या दिशेने आडवे पडतात, त्यामुळे पत्र्याच्या लांबीच्या दिशेला उष्णता बरी जाते आणि जाडीतून, जिथे ती जायला हवी असते, तिथे कमी. आम्ही शेतपंपाच्या पेटीवरील एलईडी दिव्याचे कवच या दाण्यातून काढून पाहिले. साध्या प्लास्टिकपेक्षा ते थोडे गार राहिले, अॅल्युमिनियमच्या जवळपासही पोहोचले नाही. मेच्या दुपारी पेटी आधीच तापलेली असताना एवढ्या फरकाने भागत नाही.

खरेदीपूर्वी कागद नीट मागावेत. सिंगापूरच्या संशोधकांनी २०१८ मध्ये जगभरच्या ६० उत्पादकांचे नमुने तपासले, तेव्हा बहुतेकांत खऱ्या ग्राफीनचे प्रमाण १० टक्क्यांहूनही कमी निघाले. उरलेला माल बारीक ग्राफाइटच होता. दहा थरांपर्यंतच्या पापुद्र्यालाच ग्राफीन म्हणावे असा संकेत असल्याने थरांची संख्या, पापुद्र्याची रुंदी आणि प्रत्यक्ष साच्यातून काढलेल्या पट्टीचा रोध या तीन गोष्टी पुरवठादाराने लेखी द्याव्यात. आम्हाला पहिली दिली, दुसरी मागून घ्यावी लागली, तिसरी अजून आलेली नाही. किंमत कार्बन ब्लॅकच्या मास्टरबॅचपेक्षा कैक पटींनी अधिक असल्यामुळे पुढची मागणी फक्त चुनीच्या पाइपापुरती नोंदवली आहे, तीही तिसरा कागद आल्यावर माल उचलण्याच्या अटीवर.