नोकरी सांभाळून रोज एक पान: मराठी विकिस्रोत

वेर्ण्याच्या कारखान्यातली शिफ्ट किंवा पणजीतली बँक सांभाळून काहीतरी मोलाचं करू म्हणणारे बरेच जण महिन्याभरात गळतात, कारण हाती घेतलेलं काम अख्खा रविवार मागतं. मराठी विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयावरच्या कामाचं माप एक पान आहे, हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण. स्वामित्वहक्क संपलेली जुनी मराठी पुस्तकं तिथं स्कॅन करून चढवलेली असतात. यंत्राने वाचलेला मजकूर छापील पानाशी ताडून दुरुस्त करायचा. साधं गद्य असेल तर पान १५-२० मिनिटांत होतं, आणि लॅपटॉप मिटताना काही अर्धवट राहत नाही.

खातं फुकट उघडता येतं. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत पानांचे आकडे रंगीत दिसतात: लाल म्हणजे तपासायचं बाकी, पिवळं म्हणजे एकदा तपासलेलं, हिरवं म्हणजे दुसऱ्या कुणी पुन्हा तपासलेलं. लाल पान संपादनासाठी उघडलं की मजकूर आणि छापील पान शेजारी शेजारी येतात. चुका काढा, पिवळं बटण निवडा, जतन करा. स्वतः पिवळं केलेलं पान स्वतःला हिरवं करता येत नाही, आणि ही अट आम्हाला फार मोलाची वाटते. मडगावच्या माणसाच्या पानावरून सोलापूरचं कुणी अनोळखी माणूस नजर फिरवतं. आपलं काम कुणीतरी ओळीओळीने वाचतंय, हे समाधान पगाराच्या कामातही क्वचित मिळतं.

यंत्र घ-ध, भ-म, थ-य यांत गोंधळतं आणि अनुस्वार गाळतं. छापात ओळ जिथं मोडली तिथंच मोडून ठेवतं, त्या ओळी जोडाव्या लागतात. परिच्छेदांमध्ये एक ओळ मोकळी सोडायची, पानाचा आकडा वरच्या वेगळ्या चौकटीत हलवायचा. 'दुसऱ्या' लिहिताना ऱ, हलन्त, य असं टंकायचं. साधा र घेतला तर 'दुसर्या' उमटतं.

पण खरी नासाडी होते ती उत्तम शुद्धलेखनवाल्यांच्या हातून. १९६२ च्या नियमांआधीच्या पुस्तकांत 'घरांत', 'कांहीं', 'केलें' असं छापलेलं असतं. शाळेची सवय, हात लगेच टिंब पुसायला जातो. पुसायचं नाही. 'केलें'वरचा तो अनुस्वार नपुंसकलिंगाची खूण आहे. गोव्यात तरी हे सांगायची गरज पडू नये: कोकणीत आपण आजही 'केलें' म्हणतो आणि लिहितो.

पुस्तक निवडताना हक्काचा हिशेब नीट करा. लेखक वारल्याच्या सालानंतर ६० वर्षं भरली की पुढच्या १ जानेवारीला लेखन खुलं होतं. सांकवाळला जन्मलेले धर्मानंद कोसंबी १९४७ साली वारले, म्हणजे त्यांनी हयातीत छापलेलं मराठी लेखन २००८ पासून खुलं. बा. भ. बोरकर १९८४ साली गेले, त्यांच्या कवितांना २०४५ उजाडेपर्यंत हात लावायचा नाही. नव्या आवृत्तीत दुसऱ्याने लिहिलेली प्रस्तावना असेल तर तिचा हक्क वेगळा, अनुवादकाचाही वेगळा. नवखे इथंच फसतात आणि केलेली पानं मागाहून काढावी लागतात.

उणिवा आहेत. मोबाइलवर दोन रकाने मावत नाहीत, त्यामुळे फेरीबोटीची वाट बघता बघता पान उरकेल ही आशा सोडा. कोष्टकांची पानं नव्या माणसाला दमवतात. कवितेत ओळी मोडण्यासाठी खुणा घालाव्या लागतात, नाहीतर सगळं कडवं एका ओळीत वाहतं. स्कॅनमध्ये पुसट झालेला शब्द अंदाजाने भरू नये. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात (स्थापना १८३२) छापील प्रत मिळाली तर शनिवारी जाऊन बघावा. नाहीतर पान अडचणीचं म्हणून खूण करून पुढे जावं.

सुरुवात लाल पानापासून करू नका. एखाद्या गद्य पुस्तकाची पाच पिवळी पानं घ्या, आधीच्याने काय दुरुस्त केलं ते पानाच्या 'इतिहास' टॅबमध्ये बघा, राहिलेल्या चुका काढा आणि पान हिरवं करा. पाचव्या पानापर्यंत घ आणि ध डोळ्यांना वेगळे दिसू लागतात.